कुत्र्याची लस दरवर्षी? पण हे ‘वर्ष’ आलं कुठून?

आमच्या घरी चिंगी नावाची पामेरियन आहे. वय सहा वर्षं, वजन साडेचार किलो, आवाज चाळीस किलोचा. तिचं लसीकरणाचं पुस्तक फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेलं असतं आणि त्यातली पुढची तारीख घरात सगळ्यांना पाठ असते.

गेल्या वर्षी त्या तारखेला तिला एकाच वेळी तीन लशी दिल्या: ती ‘नाइन-इन-वन’ म्हणतात ती, रेबीजची आणि खोकल्याची. संध्याकाळी तिचं तोंड सुजलं, डोळे बारीक झाले, अंग खाजवून खाजवून तिने जीव नकोसा केला. पशुवैद्यांनी इंजेक्शन दिलं, सूज रात्रीत उतरली. पण यंदा तारीख जवळ आली तशी घरात दोन पक्ष पडले. आईचं म्हणणं, “एवढासा जीव, त्याला दरवर्षी तीन-तीन सुया कशाला? तुझ्या पेशंटना टोचतोस का गोवराची लस दरवर्षी?”

मला उत्तर सुचेना, कारण प्रश्न बरोबर होता. गोवराच्या लशीचे दोन डोस लहानपणी झाले की आम्ही तो विषय सोडून देतो. आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग ज्या विषाणूमुळे होतो तो गोवराच्या विषाणूचा सख्खा चुलतभाऊ आहे. इतका जवळचा, की पूर्वी काही पिल्लांना डिस्टेंपरपासून वाचवायला चक्क गोवराची लस टोचत असत. मग एका भावासाठी आयुष्यात दोनदा आणि दुसऱ्यासाठी दरवर्षी, हे कसं?

पण माझ्या डोक्यात दुसरीही एक आठवण होती. इंटर्न असताना संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात मी एक रेबीजचा रुग्ण पाहिला. पस्तिशीचा माणूस, पूर्ण शुद्धीवर, नीट बोलणारा. तहान लागली म्हणून पेला हातात घेतला आणि ओठांपर्यंत नेताच घशाचे स्नायू असे आवळले की पेला खाली पडला. पंख्याच्या वाऱ्यानेही तेच. दोन दिवसांत तो गेला. चावलेला कुत्रा गल्लीतला पिसाळलेला नव्हता, घरी आणलेलं पिल्लूच होतं. ‘घरचंच आहे, खेळताना दात लागला’ म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं.

म्हणजे आईचं ऐकून सगळंच बंद करणं मला जमणार नव्हतं, आणि पुस्तकात छापलंय म्हणून डोळे मिटून तीन सुयाही द्यायच्या नव्हत्या. मी माणसांचा डॉक्टर. म्हणून आधी हे ‘दरवर्षी’ कोणी, कधी आणि कशावरून ठरवलं ते शोधायला बसलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो. घरी छोटं कुत्रं असेल तर तुमच्याही कामाचं आहे.

लस नव्हती तेव्हा उपाय एकच होता, काठी. मुंबईत जून १८३२ मध्ये मोठी दंगल झाली ती कुत्र्यांवरूनच. इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायला माणसं लावली आणि ही माणसं लोकांच्या दारापर्यंत पोचू लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. फोर्टातल्या पारशी मंडळींनी दुकानं बंद केली, इतरही त्यांना सामील झाले, आणि शेवटी सैन्य बोलवावं लागलं. शहराच्या इतिहासात ही ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून नोंदलेली आहे.

मग पाश्चर आला. ६ जुलै १८८५ रोजी अल्सासमधल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचायला सुरुवात झाली, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. त्याआधी ती लस कुत्र्यांवर वापरून पाहिली होती, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. रेबीज थांबवायचा तर कुत्र्यालाच आधी सुरक्षित करावं, हे पाश्चरला ठाऊक होतं. अडचण होती ती टोचण्यांच्या संख्येची. सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली ती लस एकामागून एक अनेकदा द्यावी लागे. माइस्टरला तेरा टोचण्या दिल्या. फ्रान्समधल्या लाखो कुत्र्यांना असं कोण टोचणार आणि त्यासाठी ससे कुठून आणणार? म्हणून लस गेली ती चावलेल्या माणसाकडे, चावणाऱ्या कुत्र्याकडे नाही.

आपल्याकडे हा प्रवास सगळ्यात लांबला. १९११ मध्ये डेव्हिड सेंपल याने कसौलीत मेंढीच्या मेंदूपासून लस केली. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही आपल्या आजीआजोबांची दहशत ती हीच. मेंदूच्या पेशी त्यात असल्याने कधी कधी लशीमुळेच लकवा होई. तरीही भारतात ती जवळजवळ शंभर वर्षं चालली. २००५ च्या सुमारास ती पूर्ण थांबली आणि पेशीसंवर्धनावर केलेली, दंडात घ्यायची आजची लस सर्वत्र आली.

कुत्र्यांसाठी वाट उघडली ती जपानमध्ये. १९२१ मध्ये उमेनो आणि दोई यांनी कुत्र्याला एकदाच टोचायची लस प्रसिद्ध केली. एक टोचणी म्हटल्यावर शहरातली सगळी कुत्री गाठणं शक्य झालं. १९५० मध्ये जपानने कायदा केला: प्रत्येक कुत्र्याची नोंद आणि नियमित लस. सुरुवातीला तर तिथे वर्षातून दोनदा टोचत. १९५७ नंतर जपानमध्ये स्थानिक प्राण्यांत रेबीज आढळलेला नाही. पुढे दोनदाचं एकदा झालं, आणि दरवर्षीचा तो नियम आजही तिथे आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वर्षातून दोनदा काय किंवा एकदा काय, हा आकडा ‘लशीचा असर बरोबर इतके महिने टिकतो’ अशा मोजमापातून आलेला नव्हता. लशी कमजोर होत्या, हे एक कारण. दुसरं कारण व्यवस्थापनाचं. दरवर्षी नवी पिल्लं जन्मतात, जुनी कुत्री मरतात, काहींची टोचणी हुकते. गावातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळालेली राहिली तर रेबीजची साखळी तुटते. ते प्रमाण टिकवायचं तर मोहीम दरवर्षीच हवी. साथीच्या दृष्टीने हा विचार उत्तम आहे. मात्र तो गावाचा हिशेब आहे, तुमच्या मांडीवरच्या एका कुत्र्याचा नाही.

आता डिस्टेंपर. देवीच्या लशीसाठी आपण ज्याला ओळखतो त्या एडवर्ड जेन्नरने १८०९ मध्ये कुत्र्यांच्या या रोगाचं वर्णन लिहिलं होतं. तो विषाणूमुळे होतो हे फ्रान्सच्या हेन्री कारेने १९०५ मध्ये दाखवलं. लस आली ती मात्र इंग्लंडातल्या शिकाऱ्यांच्या कृपेने. कोल्ह्याच्या शिकारीचे कळपच्या कळप डिस्टेंपरने मरत. तेव्हा ‘द फील्ड’ या शिकार-शेतीच्या साप्ताहिकाने वाचकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्या पैशातून लंडनजवळ मिल हिलला लेडलॉ आणि डंकिन यांनी १९२० च्या दशकात संशोधन केलं. प्रयोगासाठी त्यांनी फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी वापरला, कारण डिस्टेंपर त्याला हमखास होतो. (जाता जाता: १९३३ मध्ये माणसांचा फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो मिल हिलच्या याच फेरेटांमध्ये, आणि त्या चमूतही लेडलॉ होता. म्हणजे आपण आज फ्लूची लस घेतो तिच्या मुळाशी शिकारी कुत्र्यांसाठी गोळा केलेली वर्गणी आहे.)

आणि इथे आपल्या गोष्टीतलं ते ‘वर्ष’ येतं.

१९५० च्या दशकात अमेरिकेत डिस्टेंपरच्या लशी घरोघरच्या कुत्र्यांना मिळू लागल्या. संशोधकांनी लस दिलेल्या कुत्र्यांचं रक्त वर्षभराने तपासलं, तर बहुतेकांत प्रतिपिंडं चांगली होती, पण काहींत ती फार कमी झालेली दिसली. आता ही ‘काही’ कुत्री ओळखायची कशी? प्रत्येकाचं रक्त तपासायचं तर खर्च मोठा, आणि प्रयोगशाळा होत्या किती? त्यापेक्षा सगळ्यांनाच दरवर्षी टोचून टाकणं सोपं आणि स्वस्त. निर्णय त्या काळाला धरून होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तो सोयीचा निर्णय होता. पुढे सोय कोणाला आठवली नाही, ‘दरवर्षी’ तेवढं राहिलं.

ते पक्कं झालं कागदपत्रांमुळे. अमेरिकेत लशीला परवाना मिळवताना कंपनीला दाखवावं लागे ते एवढंच की टोचल्यावर थोड्या आठवड्यांनी कुत्रं रोगापासून वाचतं. किती वर्षं वाचतं, हे दाखवायची सक्ती नव्हती. बाटलीवर ‘दरवर्षी पुन्हा टोचावी’ असं छापायला पुरावा लागत नसे. याला अपवाद एकच, रेबीज. रेबीज माणसाला मारतो, म्हणून तिथे मात्र एक वर्षाची किंवा तीन वर्षांची लस म्हणायचं तर तेवढ्या काळानंतर कुत्र्याला खरा विषाणू देऊन ते जगतं का, हे सिद्ध करावं लागे. म्हणजे ज्या एका लशीचा कालावधी खरोखर मोजलेला होता ती रेबीजची, आणि बाकीच्या सगळ्या अंदाजावर.

प्रतिकारशक्ती किती टिकते हे मोजायचं कसं, असं तुम्ही विचाराल. माणसांमध्ये ते एकदा निसर्गानेच मोजून दिलं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली आणि मग तिथे गोवर शिरलाच नाही. थेट १८४६ मध्ये पुन्हा आला तेव्हा बेटांवरच्या सुमारे आठ हजार लोकांपैकी सहा हजारांना झाला. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर घरोघर हिंडला आणि त्याच्या लक्षात आलं, की लहानपणी १७८१ मध्ये ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षं, मध्ये एकही ‘बूस्टर’ नाही.

याचं कारण आज आपल्याला माहीत आहे. रक्तातली प्रतिपिंडं कमी झाली तरी त्या रोगाची ओळख ठेवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेत आणि लसीका ग्रंथींत बसून असतात. पोलिसांची गस्त कमी झाली म्हणून चौकी बंद झाली असं होत नाही. गोवर, डिस्टेंपर, पार्व्हो यांचे विषाणू फारसे रूप बदलत नाहीत, आणि त्यांच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. अशा लशीची ओळख शरीर फार वर्षं विसरत नाही. फ्लूची लस आपण दरवर्षी घेतो ती विषाणू वेष बदलून येतो म्हणून. तिचा दाखला डिस्टेंपरला लावता येत नाही.

हे ओळखून रोनाल्ड शुल्ट्झ आणि फ्रेड स्कॉट या दोन अमेरिकी पशुवैद्यकीय शास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच लिहिलं, की पिल्लाचे डोस पूर्ण करा, वर्षाने एक द्या आणि मग तीन किंवा अधिक वर्षांनी. ऐकलं कोणी? नेमक्या त्याच वर्षी पार्व्हो उगवला. मांजरांच्या एका विषाणूच्या नात्यातला हा नवा विषाणू दोन वर्षांच्या आत जगभर पोचला. कोणत्याही कुत्र्याला त्याची ओळख नव्हती. रक्ताचे जुलाब होऊन पिल्लं दोन-तीन दिवसांत जात. दवाखान्यांबाहेर लशीसाठी रांगा लागलेल्या असताना ‘कमी टोचा’ म्हणणाऱ्याकडे लक्ष कोण देणार?

आणखी एक कारण होतं, तेही सांगायला हवं. लशीच्या निमित्ताने कुत्रं वर्षातून एकदा दवाखान्यात येई. दवाखान्याचा खर्च त्यावर निघे, हे खरं. पण त्याच भेटीत दात, हृदय, कान तपासले जात, गाठी हाताला लागत, हेही खरं. पशुवैद्यांना लोभी ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. फक्त तपासणी दरवर्षी हवी म्हणून टोचणीही दरवर्षी हवी, असं नाही.

जाग आली ती मांजरांमुळे. १९९१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हेंड्रिक आणि गोल्डश्मिट यांनी नोंदवलं, की काही मांजरांना लस टोचतात नेमक्या त्याच जागी मांसाचा कर्करोग होतो आहे. प्रमाण कमी, पण नातं स्पष्ट. कुत्र्यांत हा त्रास तसा दिसत नाही. तरी ‘लस काय, जास्त झाली म्हणून बिघडलं कुठे’ या समजाला तडा गेला. १९९५ मध्ये अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ‘आपण फार लसीकरण करतो आहोत का?’ अशा शीर्षकाचा लेख आला. लोकांनी शुल्ट्झचे आकडे पुन्हा उघडले. लस दिलेल्या कुत्र्यांना वर्षानुवर्षं इतर कुत्र्यांपासून दूर ठेवून मग खरा विषाणू देण्याचे प्रयोग त्याने केले होते. डिस्टेंपर, पार्व्हो आणि ॲडिनोव्हायरस या तिन्हींविरुद्ध संरक्षण किमान सात वर्षं टिकलेलं दिसलं.

२००३ मध्ये अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनने सल्ला बदलला आणि पुढे वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशननेही: या तीन रोगांची लस मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा देऊ नये.

आता छोट्या कुत्र्यांचा प्रश्न, म्हणजे चिंगीच्या सुजलेल्या तोंडाचा. २००५ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका दवाखान्यांच्या साखळीतल्या बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी त्यात होत्या, टोचण्या सुमारे चौतीस लाख. लशीनंतर तीन दिवसांत काही त्रास झाला असं दर १०,००० कुत्र्यांमागे ३८ जणांत दिसलं. म्हणजे त्रास कमीच, आणि बहुतेक सूज, पित्त, खाज असा. पण तो सगळ्यांना सारखा नव्हता. कुत्रं जितकं लहान तितका धोका जास्त. डॅशहंड, पग, बोस्टन टेरियर, मिनिएचर पिन्शर, चिवावा ही मंडळी यादीत वर होती. आणि एकाच भेटीत दिलेली प्रत्येक जादा लस दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यात धोका २७ टक्क्यांनी वाढवत होती, तर मोठ्या कुत्र्यात १२ टक्क्यांनी.

तीन सुया, साडेचार किलो. आईने जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते त्या आकड्यांत होतं.

यावर पुष्कळ जण एक युक्ती सुचवतात, “कुत्रं लहान आहे, अर्धीच लस द्या.” हे करू नका. औषधाचा डोस वजनावर ठरतो, कारण औषध अंगभर पसरून काम करतं. लस तसं करत नाही. ती टोचलेल्या जागेजवळच्या ग्रंथींना एक निरोप देते, आणि निरोप पोचायला किमान इतकी मात्रा लागतेच, ग्रेट डेन असो की चिवावा. अर्ध्या लशीने ॲलर्जी टळेलच याची खात्री नाही. संरक्षण मिळेल याची तर नाहीच नाही. कमी करायची ती मात्रा नव्हे. लशींची वारंवारता कमी करा, आणि एका दिवशीची गर्दी.

मग आमच्याकडे दरवर्षी काय हवं आणि काय नको? त्यासाठी ती ‘नाइन-इन-वन’ची बाटली उघडून पाहावी लागते. पुष्कळ ब्रँडमध्ये खरं तर दोन बाटल्या असतात. एकीत पांढरी सुकी गोळी असते, ती डिस्टेंपर, पार्व्हो, ॲडिनोव्हायरस वगैरे जिवंत विषाणूंची. दुसरीत पाणी असतं, पण ते नुसतं पाणी नव्हे, लेप्टोस्पायरोसिसची लस. दोन्ही मिसळून टोचतात. त्यातली गोळी तीन वर्षांनी पुरते. पाण्याचं मात्र तसं नाही. लेप्टो हा जिवाणू, त्याची लस मृत जिवाणूंची, आणि तिचं संरक्षण सुमारे वर्षभराचंच. मुंबईकरांना २६ जुलै २००५ चा पूर आठवतो, तशी त्यानंतरची लेप्टोची साथही आठवत असेल. कोकणात तर दर पावसाळ्यात त्याची भीती. उंदरांच्या आणि कुत्र्यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात तो येतो आणि माणसालाही होतो. तेव्हा आपल्या हवामानात लेप्टो दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी. केनेल कफची लस, कुत्रं बोर्डिंगमध्ये ठेवत असाल किंवा शोला नेत असाल तर दरवर्षी. दिवसभर सोफ्यावर असणाऱ्या चिंगीसारखीला तिची गरज पशुवैद्यांशी बोलून ठरवा.

आणि रेबीज? इथे मी आईशी सहमत नाही. रेबीजच्या काही लशींचं संरक्षण तीन वर्षं टिकतं, हे सिद्ध झालेलं आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात. आपलं कुत्रं सकाळी फिरायला जातं तो रस्ता पॅरिसचा नाही. कोपऱ्यावरच्या भटक्या कुत्र्याने चिंगीला चावा घेतला तर तिचं पुस्तक ताजं असणं हे तिच्यासाठी आणि तिला हाताळणाऱ्या आमच्यासाठी फार मोलाचं. पालिकेचा परवाना काढताना रेबीजच्या लशीचा दाखला मागतात, तोही अंक तिथे आहेच. तेव्हा बाटलीवर आणि स्थानिक नियमात जे लिहिलं आहे ते पाळायचं. आमच्याकडे ते दरवर्षी आहे, म्हणून दरवर्षी.

माझ्या पेशंटना एक वेगळं सांगणं: घरच्या लस दिलेल्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन दवाखान्यात या. कुत्र्याची लस झाली आहे म्हणून तुमची लस टळली, असं आम्ही परस्पर ठरवत नाही. इंजेक्शनं सुरू करून कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात.

हे सगळं मोठ्या कुत्र्याबद्दल झालं. घरात पिल्लू असेल तर उलटी चूक होते. दोन डोस झाले की लोक थांबतात. पिल्लाला आईच्या चिकातून तयार प्रतिपिंडं मिळतात आणि ती लशीलाही खाऊन टाकतात. ती नेमकी कधी संपतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा नंतर. तो शेवटचा चुकला तर आधीचे सगळे वाया गेलेले असू शकतात. त्यानंतर सहा महिन्यांच्या वयाला किंवा वर्षाला आणखी एक. इथपर्यंत काटकसर नको, ती त्यानंतर करायची.

आमच्या पशुवैद्यांकडे मी हे सगळं घेऊन गेलो तेव्हा जरा धास्ती होती. डॉक्टर पेशंट झाला की फार बोलतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसत म्हणाले, “अहो डॉक्टर, लोक तीन-तीन वेळा येत नाहीत म्हणून आम्ही एकदाच सगळं देतो. तुम्ही याल का तीन वेळा?” येतो म्हटलं.

ठरलं ते असं. नाइन-इन-वनमधली गोळी गेल्या वर्षी झालेली, म्हणजे आणखी दोन वर्षं नाही. तेव्हा वाटलंच तर आधी रक्तातली प्रतिपिंडं तपासू. रेबीज यंदाच्या तारखेला, एकटी. टोचण्याआधी ॲलर्जीचं औषध, नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. तोंड सुजलं, उलट्या झाल्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा कुत्रं मलूल होऊन कोसळलं तर एक मिनिटही थांबायचं नाही, हे त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं. लेप्टो तीन आठवड्यांनी, नुसती. खोकल्याची लस बंद, कारण चिंगी कुठे राहायलाच जात नाही.

रेबीजची टोचणी परवा झाली. अर्धा तास आई तिला मांडीवर घेऊन तिच्या तोंडाकडे बघत बसली होती. काही झालं नाही. चिंगी दवाखान्यातल्या लॅब्रॅडॉरवर भुंकत राहिली. घरी आल्यावर आईने कालनिर्णयवर तीन आठवड्यांनंतरच्या चौकटीत ‘चिंगी – लेप्टो’ लिहिलं आणि फ्रिजवरचं पुस्तक काढून स्वतःच्या पाकिटात ठेवलं.